संघटित शालेय क्रीडेतील पालकांचा सहभाग : आधार आणि दडपण

सारांश :
शालेय वयातील खेळाडूच्या जडणघडणीत पालकांचा वाटा निर्णायक असतो. मात्र हा सहभाग किती आहे, यापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या स्वरूपात आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात क्रीडा मानसशास्त्रातील प्रमुख मांडण्यांच्या आधारे महाराष्ट्रातील परिस्थितीचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पालक सहभाग, शालेय क्रीडा, विकासाचे टप्पे, दहावी, क्रीडा प्रमाणपत्र.

1. प्रस्तावना
गल्लीतील खेळाचे नियम मुले स्वतः ठरवतात. संघटित क्रीडेत मात्र नोंदणी, वयोगट, प्रशिक्षक, वेळापत्रक आणि प्रमाणपत्र यांची एक व्यवस्था असते. या व्यवस्थेत मूल एकटे प्रवेश करू शकत नाही. अर्जावर सही, जन्मदाखला, शुल्क, साहित्य आणि मैदानापर्यंतचा प्रवास या सर्वांसाठी पालक लागतात. मुंबईतील हॅरिस शील्ड किंवा गाइल्स शील्ड स्पर्धांच्या सामन्यांत किटबॅग सांभाळत बसलेले पालक हे परिचित दृश्य आहे. हेच पालक मुलाचा आधार बनतात आणि काही वेळा त्याच्या खेळातील अडथळाही ठरतात. असे का घडते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

2. सैद्धांतिक पार्श्वभूमी
जॉन हेलस्टेड यांनी 1987 मध्ये पालकांच्या सहभागाची मांडणी एका सलग पट्टीच्या रूपात केली. तिच्या एका टोकास उदासीन पालक, दुसऱ्या टोकास अतिसहभागी पालक आणि मध्यभागी संतुलित सहभाग असतो. ही मांडणी उपयुक्त असली, तरी ती प्रामुख्याने सहभागाचे प्रमाण सांगते. जेनिफर फ्रेड्रिक्स आणि जॅकलिन एकल्स यांनी 2004 मध्ये पालकांच्या तीन भूमिका स्पष्ट केल्या : साधने पुरवणारा, अनुभवाचा अर्थ लावून देणारा आणि स्वतःच्या वर्तनातून आदर्श घालून देणारा. यांपैकी दुसरी भूमिका सर्वांत नाजूक आहे. शून्यावर बाद झालेल्या मुलाला परतीच्या लोकल प्रवासात काय ऐकावे लागते, यावरून अपयशाचा अर्थ त्याच्या मनात ठरत जातो.

जाँ कोते यांनी 1999 मध्ये कालक्रमाचा विचार पुढे आणला. त्यांच्या मते सहा ते तेरा वर्षांपर्यंत मूल अनेक खेळ करून पाहते, तेरा ते पंधरा या काळात एक-दोन खेळांवर लक्ष केंद्रित करते आणि त्यानंतर एका खेळात स्वतःला झोकून देते. पहिल्या टप्प्यात पालक पुढाकार घेतात. नंतर ते पाठीराखे होतात. थोडक्यात, खेळाडू जसजसा वाढतो, तसतशी पालकांची भूमिका निर्णयाकडून पाठबळाकडे सरकली पाहिजे.

3. काही उदाहरणे
सचिन तेंडुलकर यांना 1984 मध्ये रमाकांत आचरेकर यांच्याकडे नेले ते थोरले बंधू अजित यांनी. प्रशिक्षण आचरेकरांच्या हाती राहिले. कुटुंबाने शाळा बदलण्यास पाठबळ दिले आणि प्रवासाचा ताण टाळण्यासाठी शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहण्याची सोय केली. येथे सहभाग मोठा होता, परंतु तो साधने पुरवण्याच्या स्वरूपाचा होता.

स्वप्निल कुसाळे यांना वडिलांनी 2009 मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल केले. नेमबाजीची निवड वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर झाली. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. येथे पालकांनी दार उघडून दिले; पुढील प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थेने उचलली.

याउलट हरियाणातील महावीरसिंग फोगाट हे मुलींचे वडील आणि प्रशिक्षकही होते. त्यांच्या कन्या गीता यांनी 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. मुलींच्या कुस्तीला समाजाची मान्यता नसताना वडिलांचा आग्रह हेच त्यांचे संरक्षण होते. तथापि, या उदाहरणावरून कठोरपणाचे सरसकट समर्थन करणे योग्य नाही. यशस्वी कुटुंबांच्या कथा प्रसिद्ध होतात. त्याच शिस्तीत खेळ सोडून दिलेल्या मुलांची नोंद कोठेही होत नाही.

4. महाराष्ट्रातील पेच
कोते यांच्या मांडणीनुसार ज्या वयात निर्णय खेळाडूकडे जावयास हवा, नेमक्या त्याच वयात महाराष्ट्रात दहावीची परीक्षा येते. मागे सरू लागलेले पालक पुन्हा पुढे येतात आणि सराव थांबवण्याचा निर्णय अनेकदा घरातच होतो. मुलींच्या बाबतीत संध्याकाळच्या सरावाची आणि परगावच्या स्पर्धांची चिंताही त्यात मिसळते.

याच्या उलट दिशेने ओढणारे बळही आहे. राज्य मंडळाच्या परीक्षांत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षणाचे धोरण 2005 पासून आहे. अनिश्चित उत्पन्नाच्या कुटुंबासाठी ही संधी मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु त्यामुळे खेळापेक्षा प्रमाणपत्राला महत्त्व येण्याचा धोका संभवतो. वय कमी दाखवण्याचा प्रकार हे याचे टोकाचे रूप होय. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला 16 वर्षांखालील गटासाठी हाडांची चाचणी घ्यावी लागते, ही बाब पुरेशी बोलकी आहे. जन्मदाखला मूल सादर करीत नाही. तो पालकच देतात. म्हणून केवळ पालकांना दोष देऊन प्रश्न सुटत नाही. व्यवस्था कशाला बक्षीस देते, हेही तपासले पाहिजे.

5. महाविद्यालयाची भूमिका
अकरावीला किंवा पदवीच्या प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी हा पूर्वेतिहास सोबत घेऊन येतो. आंतरमहाविद्यालयीन निवड चाचणीकडे न फिरकणारा गुणी खेळाडू आळशीच असतो, असे नाही; कधी तो थकलेला असतो, कधी थांबवला गेलेला असतो. या दृष्टीने पुढील उपाय सुचवता येतील :
अ) प्रवेशाच्या वेळी शारीरिक शिक्षण संचालकांनी विद्यार्थ्याने पूर्वी कोणता खेळ केला आणि तो का सोडला, याची नोंद घ्यावी.
आ) हंगामापूर्वी पालकांची एक बैठक घेऊन सराव, परीक्षा व प्रवास यांचे वेळापत्रक समोर ठेवावे.
इ) सामन्याच्या वेळी तांत्रिक सूचना प्रशिक्षकच देतील, हा संकेत स्पष्ट करावा.
ई) खेळ चालू ठेवण्याबाबतच्या चर्चेत विद्यार्थ्याचे मत प्रथम ऐकावे.

6. निष्कर्ष
पालकांचा सहभाग कमी करणे हे उद्दिष्ट असू शकत नाही. साधनांची कमतरता असलेल्या समाजात तो अपरिहार्य आहे. त्याचे स्वरूप वयानुसार बदलणे हे उद्दिष्ट असावे. पहिल्या पायरीवर बोट धरणे आवश्यक असते आणि पुढे ते वेळेवर सोडणेही तितकेच आवश्यक असते. हे सोडणे पालकांना सुलभ व्हावे, अशी विश्वासार्ह व्यवस्था शाळा व महाविद्यालयांनी उभी करावयास हवी.