सकाळी प्लास्टर, दुपारी दाविद

सकाळी साडेआठ. पहिल्या वर्षाचा अँटिकचा वर्ग. मधोमध स्टुलावर प्लास्टरचं ग्रीक डोकं, डावीकडच्या खिडकीतून उजेड. मुलं एक डोळा मिटून, हात ताठ धरून पेन्सिलीने मापं घेतायत. एका मुलीला नाकाखालची सावली जमेना. बोटाने घासून घासून तिने ती काळीकुट्ट केली होती. "बोट नको लावूस गं, आधी सावलीची कड शोध," म्हटलं. तिने खोडलं, हलक्या तिरक्या रेघा ओढल्या आणि हनुवटीखाली परतून आलेला मंद उजेड कागदावर दिसायला लागला. मग मान वर करून म्हणाली, "सर, पण हे पांढरं डोकंच का काढायचं?"

दुपारी सांगतो, म्हणालो.

दहा ते साडेअकरा हजेरी आणि सबमिशन तपासणं.

पावणेबारा. कलेच्या इतिहासाचा तास. पडद्यावर रिगोने 1701 मध्ये रंगवलेला फ्रान्सचा राजा चौदावा लुई. मागे जाड खांब, वर लाल पडदा, अंगावर निळा मखमली झगा आणि झग्याखालून पुढे काढलेला नर्तकासारखा पाय. बरोक म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा तो पाय लवकर सांगतो. 1715 मध्ये लुई गेला, सरदार मंडळी व्हर्सायहून पॅरिसच्या घरांत परतली. दरबारापेक्षा दिवाणखान्यासाठी चित्रं निघू लागली. त्यातूनच 1767 च्या सुमाराचा फ्रागोनारचा 'झोका' आला: गुलाबी झगा, हवेत उडालेली चप्पल. या रोकोको शैलीला उथळ म्हणून पुढे जाणं मला पटत नाही. झाडीतला तो ओलसर हिरवा रंगवून बघा, म्हणजे कळेल.

मग फ्रेंच चित्रकार दाविदचं 'होरेशियसपुत्रांची शपथ'. रोममध्ये 1784 साली पूर्ण झालं, पुढच्या वर्षी पॅरिसच्या सालों प्रदर्शनात लागलं. तीन कमानी, तीन भाऊ, तीन तलवारी. पुरुष ताठ रेघांचे, उजवीकडच्या बायका खचलेल्या, वळणदार. कुंचल्याचा फटकारा कुठे दिसत नाही. पुस्तकं याला नवी सुरुवात म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. ही शिस्त चित्रकार पुसँने रोममध्ये बसून शंभराहून जास्त वर्षं आधी मांडली होती.

सकाळच्या प्रश्नाचं उत्तर इथे दिलं. रोमची शिष्यवृत्ती दाविदला 1774 मध्ये मिळाली, आधीचे प्रयत्न फसल्यावर. रोममध्ये त्याने वर्षानुवर्षं प्राचीन पुतळे रेखाटले. पाँपेईचं उत्खनन 1748 पासून चालू होतं, प्राचीन जग मातीतून वर येत होतं. पुतळ्यांवरून शिकण्याची रीत अकादमीत आधीपासून होती. त्याच्या पिढीने तिला व्रताचं रूप दिलं. युरोपातल्या कलाशाळांमधून ती 1857 च्या जे.जे. स्कूलसारख्या संस्थांत आणि तिथून आपल्या स्टुलापर्यंत आली. मुलगी काही बोलली नाही. वहीत लिहून घेतलं.

सव्वातीन. वर्ग घेऊन शनिवारवाडा. दिल्ली दरवाज्यातून आत आल्यावर सावलीत बसवलं आणि सांगितलं: 1793 मध्ये पॅरिसमध्ये दाविद खून झालेल्या क्रांतिकारक माराला रंगवत होता, तेव्हा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं त्याने केलेलं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पेशवे दरबारातल्या इंग्रजांच्या वकील मॅलेटच्या पुढाकाराने याच वाड्यात पाश्चात्त्य पद्धतीचं चित्रकलेचं शिक्षण सुरू झालं. तिथे शिकलेल्यांत आपला गंगाराम तांबट होता. वेरूळच्या लेण्यांची चित्रं त्याने काढली. तो दाविदचा शिष्य नव्हता, पण समोरची वस्तू मोजून, छायाप्रकाश पाहून काढायची शिस्त त्याच्याही हातात आली होती.

"त्याची चित्रं कुठे बघायला मिळतील?" एका मुलाने विचारलं. त्यातली बरीच अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, एवढंच सांगता आलं.

साडेसहाला घरी. चहा, मग वह्या. त्या मुलीने प्लास्टरच्या डोक्याखाली तारीख टाकून लिहिलं होतं: दाविद, रोम, गंगाराम, पुणे.

पुणेकरांनो, शनिवारवाड्याच्या आवारात गंगाराम तांबटच्या नावाची एक ठळक पाटी असायला हवी. ज्यांच्या हातात आहे त्यांनी एवढं जरूर करावं.