संशोधिकेच्या मनाचा ताळेबंद

चिंतेने झोप उडाली आहे काय, सतत दडपण जाणवते काय, स्वतःवरचा विश्वास ढळला आहे काय, अशा बारा साध्या प्रश्नांतून मनाच्या प्रकृतीचा अंदाज घेणारी, ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड गोल्डबर्ग यांच्या कामातून निघालेली प्रश्नावली बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात पीएच.डी. करणाऱ्या ३,६५९ जणांपुढे ठेवण्यात आली, तेव्हा ५१ टक्क्यांनी निदान दोन, तर ३२ टक्क्यांनी निदान चार तक्रारी नोंदविल्या. कातिया लेव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेले हे प्रमाण इतर उच्चशिक्षितांहून बरेच अधिक होते. आणि पुरुषांहून स्त्रियांत ते अधिक आढळले.

मात्र ही सारी तफावत प्रयोगशाळेच्या खाती घालणे न्यायाचे नाही, कारण एरवीच्या समाजातही चिंता व विषण्णता स्त्रियाच अधिक सांगतात; शिवाय पुरुष 'ठीक चालले आहे' म्हणून मोकळे होतात आणि त्यांचे मौन निरोगीपणाच्या रकान्यात बिनदिक्कत जमा होते. पण म्हणून स्त्रीस्वभावाकडे बोट दाखवून सुटता येते, असेही नाही. २६ देशांतील २,२७९ विद्यार्थ्यांच्या २०१८ सालच्या पाहणीत तीव्र वा मध्यम चिंतेचे प्रमाण पुरुषांत ३४, स्त्रियांत ४३, तर पारलिंगी व लिंगभावाच्या रूढ चौकटीबाहेरच्या विद्यार्थ्यांत ५५ टक्के निघाले. उत्तरे स्वेच्छेने आलेली, तेव्हा त्रस्तांचा भरणा अधिक असेल. तरी हा चढता क्रम स्वभावापेक्षा त्या जगात आपल्याला कितपत जागा आहे, याच्याशी अधिक जुळतो, असे मला वाटते.

फ्लँडर्सच्या अभ्यासात मनःस्वास्थ्याशी निगडित ठरल्या त्या गोष्टी कामाच्या व्यवस्थेतल्या होत्या: घर व काम यांची ओढाताण, कामाचा बोजा, कामावरचा ताबा आणि मार्गदर्शकाची वागणूक. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडले होते की माणूस खचतो तो नुसत्या बोज्याने नव्हे, तर बोजा भारी आणि मुखत्यारी तुटपुंजी अशा संयोगाने. पीएच.डी.चे काम वरकरणी मुक्त. हजेरीपटावर सही नाही, घंटा नाही. परंतु पेशींच्या संवर्धनातले पोषक द्रव्य रविवारीही बदलावे लागते, मार्गदर्शकाच्या एका नकाराने प्रबंध वर्षभर लांबतो, आणि पाळणाघर मात्र सायंकाळी ठरल्या वेळी बंद होते. ज्या घरात मूल आणण्याची जबाबदारी न बोलता बाईवर पडते, तेथे वेळेची ही मुभा म्हणजे मूल निजल्यावर पुन्हा टेबलाशी बसण्याची मुभा होय.

मुळात हळवी माणसेच या वाटेला जात असतील, हा आक्षेप उरतो. स्वीडनमधील अर्थशास्त्रज्ञांनी प्रश्नावली बाजूस ठेवून औषधांची सरकारी दप्तरे तपासली आणि त्याच माणसांचा प्रवेशापूर्वीचा व नंतरचा काळ ताडून पाहिला. मनोविकारांवरील औषधे घेण्याचे प्रमाण प्रवेशानंतर चढत गेले होते, आणि पाचव्या वर्षी ते प्रवेशाआधीच्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेले होते.