बुडवलेलं जहाज, बुडालेलं जहाज

प्लिमथचा ब्रेकवॉटर मागे पडतो आणि आता कुठे बोट हलायला लागते. जूनची सकाळ आहे, ऊन स्वच्छ आहे, तरी वारा कानाला झोंबतो. मी ड्रायसूटच्या रबरी गळ्यातून डोकं बाहेर काढायची खटपट करते आहे. समोरच्या बाकावर काका बसले आहेत. डोक्याला माकडटोपी, अंगात दोन स्वेटर, वर बोटवाल्यांनी चढवलेलं लाइफजॅकेट. ते पाण्यात उतरणार नाहीत. पुतणीकडे राहायला आल्यावर लंडन नको, राजवाडा नको, त्यांना एवढंच हवं होतं: सिला जिथे बुडवली ती जागा बघायची.

काका कोकणातल्या निवतीकडचे, पण नोकरीचं सगळं आयुष्य माझगाव डॉकमध्ये वेल्डर म्हणून गेलं. एचएमएस सिला ही लिअँडर वर्गातली ब्रिटिश फ्रिगेट. १९६८च्या ऑगस्टमध्ये ती इथल्याच डेव्हनपोर्ट गोदीत पाण्यात उतरली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत माझगाव डॉकमध्ये नीलगिरी उतरली. आराखडा एकाच घराण्यातला. सिला ही डेव्हनपोर्टने बांधलेली शेवटची फ्रिगेट, आणि नीलगिरी माझगावने बांधलेली पहिली. नीलगिरीमागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. काकांचा हात लागला तो शेवटच्या दोघींना.

"तिची एकेक फ्रेम माका म्हायती असा," काका इंजिनाच्या आवाजावर ओरडून सांगतात. "मधी बॉयलर, मागे टर्बाइन, आणि मागच्या डेकावर हेलिकॉप्टर. डोळे बांधून फिरान."

उजव्या हाताला रेम हेडचं टोक येतं. माथ्यावर जुन्या चॅपेलची दगडी खोली एकटी उभी आहे. टोकाला वळसा घातला की व्हिटसँड बे उघडतो. इथून कॉर्नवॉलचा लांबलचक कडा, खाली वाळू, आणि पाण्यावर खुणेचे बोये. बोयाजवळ येऊन तांडेल इंजिन मंद करतो आणि सगळ्यांना मागच्या डेकवर बोलावतो. तळ चोवीस-पंचवीस मीटरवर. ओढ फारशी नाही. दिसणं सहा-सात मीटर. खाली दोर धरून जायचं आणि शक्य तर दोर धरूनच वर यायचं.

मग तो थांबतो आणि एकेकाच्या तोंडाकडे बघून शेवटची सूचना देतो: जहाजाच्या आत कोणीही जायचं नाही. कारण त्याला सांगावं लागत नाही. २०२१च्या सप्टेंबरमध्ये तिघेजण आत शिरले होते, त्यातल्या दोघांचे जीव इथेच गेले.

मी काकांना त्याचं बोलणं मराठीत सांगते. ते मान हलवतात. "आत जाव नको गो. गाळ बसलेलो असतलो."

सिलिंडर पाठीवर, रेग्युलेटर तोंडात, एक हात मास्कवर. एक पाय पुढे टाकते आणि पाणी अंगावर बंद होतं. सूटच्या आत मी कोरडी आहे, पण ओठांभोवतीची उघडी कातडी क्षणात बधिर होते. कॉम्प्युटरवर १३ अंश. मालवणच्या पाण्यात चड्डी-बनियनवर उतरलेल्या माणसाला हे पाणी पहिल्या दोन मिनिटांत नकोसं वाटतं. मग श्वास मार्गी लागतो आणि आजूबाजूला बघायला सुचतं.

आजूबाजूला हिरवं आहे. निळं नव्हे, हिरवं. या थंड समुद्रात वसंतापासून प्लवकांचा बहर येतो, आणि ते बारीक कण पाण्यात सतत तरंगत असतात. डायव्हर त्यांच्या नावाने बोटं मोडतात, पण खाली जे काही बसलेलं आहे ते सगळं याच कणांवर जगतं. पाच मीटर, आठ मीटर. वरचा उजेड मावळत जातो. कानांतला दाब सोडत, सूटमध्ये थोडी थोडी हवा भरत मी दोराला धरून उतरते. बाराच्या पुढे हिरव्यात एक काळी कड उमटते. सरळ, आडवी, माणसाने केलेली. जहाज.

काकांच्या ओळखीची फ्रिगेट मात्र इथे सापडत नाही. कठड्याचा गज मनगटाएवढा जाड झाला आहे, कारण त्यावर डेड मॅन्स फिंगर्स नावाच्या मऊ प्रवाळाचे पांढरे-नारिंगी गठ्ठे बोटं वर करून बसले आहेत. त्यांच्यामध्ये सी अॅनिमोनी, लांब देठाच्या, टोकाला बारीक झालर फुलवलेल्या. टॉर्च लावते. हिरव्या-करड्या दिसणाऱ्या भिंतीवर एकदम नारिंगी, पिवळा, गुलाबी रंग उमटतो. या खोलीवर लाल रंग पोचतच नाही, तो आपल्याबरोबर न्यावा लागतो.

एक मासा माझ्या मास्कसमोर येऊन थांबतो. कुकू रास. नर आहे. नारिंगी अंगावर निळे पट्टे, कोणी आत्ताच रंगवून सोडल्यागत. तो पळत नाही. मास्कच्या काचेत बघतो, बाजूला होतो, परत येतो, माझ्या हातमोज्याचं टोक चाचपतो. हा नर मुळात मादी म्हणून वाढला. या जातीत काही माद्या वय वाढल्यावर नर होतात आणि मग असा झगझगीत पोशाख अंगावर चढतो. माझ्या बडीकडे, म्हणजे जोडीने उतरलेल्या डायव्हरकडेही, तो जातो, तिच्या टॉर्चची पाहणी करतो आणि आमच्यात खाण्यासारखं काही नाही असं ठरल्यावर निघून जातो.

२७ मार्च २००४ला सिला इथे मुद्दाम बुडवली. प्लिमथच्या नॅशनल मरीन अॅक्वेरियमचा तो प्रकल्प. डायव्हरांसाठी रीफ म्हणून ब्रिटनने बुडवलेली ही पहिली लढाऊ नौका. आधी तेल-वंगण काढून तिला साफ केलं, डायव्हरना आत-बाहेर करता यावं म्हणून बाजूंना मोठी भोकं पाडली, मग स्फोटकं लावली. कड्यावर बघ्यांची गर्दी जमली आणि काही मिनिटांत जहाज तळाला गेलं. त्यानंतरचं काम समुद्राने केलं. मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनचे कीथ हिस्कॉक यांनी वर्षानुवर्षं इथे डुबकी मारून कोण कधी राहायला आलं याची नोंद ठेवली. आधी बार्नेकल आणि नळीत राहणारे किडे, मग झपाट्याने वाढणारी वेलीसारखी मंडळी, मग त्यांना खाणारे, आणि या सगळ्यांच्या मागून सावकाश येणारे.

सावकाश येणारा मला हवा आहे. आम्ही बाजूच्या भिंतीने खाली उतरतो. वीस मीटर. पाडलेल्या भोकांपैकी एक समोर येतं. टॉर्चचा झोत आत जातो, एक दरवाजाची चौकट दाखवतो आणि संपतो. पुढे नुसता काळोख. उंबऱ्यावर गाळाचा जाड थर आहे. बडी पायातला फिन जरासा हलवते तर तेवढ्यानेही धूर उठतो आणि चौकट दिसेनाशी होते. वीस वर्षांपूर्वी हे भोक वाट म्हणून पाडलं होतं. आज वाट कुठे आहे, भिंत कुठे आहे, हे आत गेल्यावर कळायचा भरवसा नाही. आम्ही दोघी मागे सरतो.

तिथून हातभर अंतरावर तो आहे: गुलाबी सी फॅन. माझ्या तळहातापेक्षा थोडा मोठा, जाळीदार पंखा, पाण्याच्या ओढीला आडवा उभा राहिलेला. ओढीतून येणारे कण आपसूक जाळीत सापडतात. टॉर्च बाजूने धरून अगदी जवळ जाते. प्रत्येक फांदीवर बारीक पॉलिप उघडलेले आहेत, आठ आठ हात पसरून. एका फांदीवर काहीतरी हलतं. तांदळाच्या दाण्याएवढी सी स्लग, रंग पंख्याचाच, पाठीवर पॉलिपसारखेच झुबके. ती याच पंख्यावर राहते आणि त्यालाच खाते. हलली नसती तर दिसलीच नसती.

हा पंखा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. ब्रिटनमध्ये याला कायद्याचं संरक्षण आहे. सिला बुडवल्यावर तीनेक वर्षांतच तो इथे दिसू लागला, याचं त्यावेळी जाणकारांनाही नवल वाटलं. पण मी आता त्याच्या देठाकडे बघते आहे. देठ पत्र्याला चिकटलेला नाही. तो गंजाच्या पापुद्र्याला चिकटलेला आहे, आणि तो पापुद्रा एका बाजूने उचलला गेला आहे. मागे बोट जाईल एवढी फट. पंखा वाढतो तसा पाण्याचा जोर जास्त घेतो, आणि त्याच्या पायाखालचं पोलाद दर हिवाळ्यात पातळ होत जातं. हात न लावता मी दूर होते. माझ्या फिनच्या झटक्यानेही हा पापुद्रा सुटला तर?

सिलिंडरमधली हवा सत्तर बारवर आली आहे. दोर शोधतो, वर येतो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो. बोटीची लिफ्ट पायाखाली येते आणि आम्हाला उचलून डेकवर ठेवते.

"काय दिसला?" काका विचारतात. चहाचा मग माझ्या बधिर बोटांत ठेवतात.

मी कठडा सांगते, मासा सांगते, पंखा सांगते. ते ऐकून घेतात. "आणि पत्रो?" मी उचललेला पापुद्रा सांगते. ते बोटांची चिमूट करतात आणि ती हळूहळू मिटत नेतात.

तासाभराने दुसरी डुबकी, जवळच पडलेल्या जेम्स इगन लेनवर. हिला कोणी मुद्दाम बुडवलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजं बांधली, त्यांतलं हे एक. न्यू ऑर्लिन्सला तयार झालं आणि पहिल्याच काही महिन्यांत, २१ मार्च १९४५ला, जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने फुटलं. टगनी ओढत या उपसागरापर्यंत आणलं आणि ते इथेच बसलं. माणसं सगळी वाचली. लिबर्टी जहाजांच्या बांधणीची गती वेल्डिंगमध्ये होती. रिव्हेट ठोकत बसण्याऐवजी पत्रे जोडून टाकायचे. मी दुसऱ्यांदा सिलिंडर चढवते तेव्हा काका बजावतात, "वेल्डिंगची शिवण खंय दिसली तर बघ."

दिसत नाही. शिवण असायला पत्रे असावे लागतात. इथे डेक उरलेला नाही. दोन्ही बाजूंना फ्रेमा उभ्या आहेत, मधली जागा उघडी, आणि वरून हिरवा उजेड थेट होल्डच्या तळापर्यंत येतो. बाजूचे पत्रे बाहेरच्या अंगाला वाळूवर पडले आहेत. फ्रेमांच्या मधून बिब नावाच्या तांबूस पट्ट्यांच्या माशांचा थवा सावकाश आत येतो, बाहेर जातो. त्यांच्या वर पोलॅक नाक ओढीकडे करून जागच्या जागी तरंगत आहेत. एका आडव्या पडलेल्या लोखंडाखाली टॉर्च फिरवते तर राखाडी काँगर ईलचं तोंड बाहेर येतं, माझ्या दंडाएवढं जाड, आणि उजेड आवडला नाही म्हणून मागे जातं. शेजारच्या फटीत लॉबस्टर. आपल्या शेवंडीला नांग्या नसतात, याला आहेत, आणि अंग निळंशार.

माशांची इथे चंगळ आहे यात वाद नाही. पण सकाळचा पंखा डोक्यातून जात नाही. सिला आज जिथे आहे तिथून पुढचा रस्ता या फ्रेमांकडेच येतो. आधी आतले पडदे, मग डेक, मग बाजू. जे मासे आडोशाला येतात ते पडक्या पत्र्यांतही राहतील. जे वर्षाला सेंटिमीटरने वाढतात त्यांचं घर त्यांच्याआधी संपेल. एडीस्टोन दीपगृहाजवळच्या हँड डीप्ससारख्या खडकाळ रीफवर हा घोर नाही. तिथला खडक गंजत नाही. मग जहाज बुडवायचंच कशाला? याचंही उत्तर आजच्या बोटीवरच बसलं आहे. इथे आलेले आम्ही सगळे आज त्या खडकावर गेलो नाही. आमचे फिन, आमचे नांगर, आमच्या चुका या लोखंडाने झेलल्या. नैसर्गिक रीफवरचा भार हलका करायला जहाज उपयोगी पडतं, पण ते भाड्याच्या जागेइतकंच आपलं असतं.

परतीच्या वाटेवर रेम हेड डाव्या हाताला येतं. सूटची झिप उघडून मी काकांशेजारी बसते. आयएनएस गुलदारचा विषय निघणारच होता. १९८५ साली नौदलात आलेलं हे पोलंडमध्ये बांधलेलं लँडिंग शिप, त्र्याऐंशी मीटर लांब, २०२४मध्ये निवृत्त झालं. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देऊन निवती रॉकजवळ ते पाण्याखाली बसवायची योजना आहे: डायव्हरांसाठी रीफ, पर्यटकांसाठी आकर्षण. काकांच्या गावात याची चर्चा केव्हाची चालू आहे. कोणाच्या पोराला बोट घ्यायची आहे, कोणाला डायव्हिंगचं शिक्षण, कोणाला मच्छीची धास्ती.

"चांगलंच आहे की काका," मी म्हणते. "निवतीच्या खडकावरची गर्दी कमी होईल. पोरांना काम मिळेल."

"गे, नको कोण म्हणता? बुडवूंदेत." काका माकडटोपी वर सरकवतात. डॉकमध्ये जहाज ड्रायडॉकला आलं की पहिलं काम काय असायचं ते सांगतात. गंज खरवडायचा, पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजायची, आकडे हुलच्या नकाशावर लिहायचे, आणि जिथे पत्रा ठरलेल्या मापाखाली गेला असेल तिथे कापून नवा घालायचा. आकडा आल्याशिवाय फोरमन सही करत नसे. पाण्याखाली नवा पत्रा घालता येणार नाही, हे त्यांना कळतं. पण मोजता येईल, आणि मोजलं की कुठलं भोक बंद करायचं, कुठल्या भागाकडे पर्यटक न्यायचे नाहीत, हे ठरवता येईल. इथे हिस्कॉकनी जिवांची वही ठेवली. त्यांना वाटतं, लोखंडाचीही तशीच वही हवी, आणि ती पहिल्या दिवसापासून हवी. दोन माणसं गेल्यावर सुरू करून उपयोग नाही.

"त्या पोरांका डायव्हिंग शिकवतले, बरा असा," ते म्हणतात. "तेंच्या हातात जाडी मोजूचा मशीन पण देवा म्हणा. धा वर्षांनी तिचो पत्रो कोण मोजतलो, तां आधी कागदार लिवा. मगे बुडवा."