मार्कंडेय नदी आणि गावाचे सांडपाणी

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की हिंडलगा व सुळगा ही गावे मागे पडतात आणि उचगावचा फाटा लागतो. मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातील हे गाव भातशेतीचे. मळेकरणी देवीचे स्थान म्हणूनही ते दूरवर परिचित आहे. याच नदीवर, वरच्या अंगाला, राकसकोपचा जलाशय आहे. बेळगाव शहराच्या तहानेचा मोठा भार त्याने दीर्घकाळ वाहिला. तेथे अडविलेले पाणी शहराच्या नळाला जाते. खाली उरलेला प्रवाह गावोगावच्या शेतांजवळून वाहत पुढे गोकाकच्या बाजूस घटप्रभेला मिळतो. नदीचा वरचा भाग पिण्यासाठी आणि खालचा भाग सांडण्यासाठी, अशी वाटणी कोणी लिहून दिलेली नाही. ती न बोलता होऊन गेली आहे.

पूर्वी खेड्यात सांडपाण्याचा प्रश्न फारसा जाणवत नसे. पूर्वीचे लोक अधिक स्वच्छ होते, हे त्याचे कारण नव्हे. पाणी विहिरीवरून डोक्यावर आणावे लागे, हे होय. डोक्यावरून आणलेली घागर कोणी उधळीत नसते. न्हाणीचे पाणी परसातील केळीला आणि अळवाला जाई व तेथेच जिरे. घरात नळ आला आणि हा हिशेब पालटला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यासाठी दर माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी हेच प्रमाण १३५ लिटरांचे आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के वापरून पुन्हा बाहेर पडते, असे अभियंते गृहीत धरतात. दहा हजार वस्तीचे एखादे गाव कल्पिले, तर खेड्याच्या प्रमाणानेही रोज साडेपाच लाख लिटर पाणी घरांत शिरेल आणि चार लाख चाळीस हजार लिटर घराबाहेर पडेल. परसातील केळीला एवढे पाणी पचत नाही. ते गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत उतरते.

नदीला हे पाणी पचविता येत नाही काय? थोडे असेल तर येते. वाहत्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो आणि त्याच्या आधाराने असंख्य सूक्ष्म जंतू घाण खाऊन तिचे निरुपद्रवी पदार्थ करतात. पण घाण वाढली की जंतू वाढतात, ते प्राणवायू भराभर संपवितात, आणि मग माशांना श्वास घेण्यापुरताही तो उरत नाही. पाणी काळवंडते, त्याला कुजकी घाण येऊ लागते. सांडपाणी किती वाईट आहे हे मोजण्याची शास्त्रज्ञांची रीत याच तत्त्वावर बसविलेली आहे. लिटरभर पाण्यातील घाण खाऊन टाकण्यास जंतूंना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल, हे प्रयोगशाळेत पाहतात. गावाच्या कच्च्या सांडपाण्यात हा आकडा सामान्यतः दोनशे ते तीनशेच्या घरात असतो. शुद्ध करून सोडताना तो तिसापर्यंत, आणि अलीकडच्या कडक दंडकाप्रमाणे दहापर्यंत, उतरावा अशी अपेक्षा असते.

आरोग्याचा धोका यापेक्षा वेगळा आणि अधिक तातडीचा आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली आणि तीत अनेकांचे प्राण गेले. पंचगंगेकाठची ही घटना सीमेवरील गावांना परकी वाटण्याचे कारण नाही. पाणी गढूळ व्हायला राज्याची हद्द लागत नाही.

नदीत जे काम जंतू सावकाश करतात, तेच काम त्यांच्याकडून हौदात, भरपूर हवा पुरवून, काही तासांत करून घ्यावयाचे, ही सांडपाणी शुद्धीकरण केंद्रामागील मूळ कल्पना. इंग्लंडात मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये ती सिद्ध केली. त्यांना या दिशेने प्रवृत्त करणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होऊन आले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही. नागपूरला १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची जी संशोधन संस्था निघाली, आणि जी आज नीरी या नावाने ओळखली जाते, तिनेही भारतीय उन्हाचा उपयोग करून उघड्या तळ्यांत सांडपाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीवर पुष्कळ काम केले. शास्त्र अशा रीतीने नवे नाही आणि दूरचेही नाही. अडते ते बांधकामात. त्याहूनही अधिक, बांधकाम संपल्यानंतर.

अशा केंद्राचे काम सुरू झाले की ‘काम साठ टक्के झाले’, ‘काम ऐंशी टक्के झाले’ अशा वार्ता येऊ लागतात. हे टक्के बहुधा खर्ची पडलेल्या रकमेचे असतात. वस्तुतः केंद्राचे पहिले आणि कठीण काम केंद्रापासून दूर, गल्लीबोळांच्या खाली चालते. सांडपाणी नळातून आपल्या वजनाने वाहावे आणि त्याच्याबरोबरची रेती तळाशी न बसता पुढे जावी, यासाठी त्याला सेकंदाला सुमारे साठ सेंटीमीटर तरी वेग हवा. सहा इंची नळाला त्यासाठी दर १७० मीटरांस एक मीटर उतार द्यावा लागतो. गाव सपाट असेल तर एक किलोमीटर पुढे गेल्यावर हा नळ जवळजवळ सहा मीटर खोल जातो. त्यापुढे खोदणे परवडत नाही. मग विहीर बांधून पंपाने पाणी वर उचलावे लागते. उताराच्या मोजणीत वीतभर चूक झाली तर ती रस्ता बुजविल्यावर कोणाला दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात मात्र भोकाच्या झाकणातून मैला वर येतो आणि चूक सर्वांना दिसते.

बेळगावच्या पश्चिम भागात तांबडी माती आणि खाली जांभा. जांभा खणायला सोपा, पण सच्छिद्र. पावसाळ्यात त्यातून पाणी पाझरून खड्डे भरतात. येथे हौद बांधणाऱ्याला एका विलक्षण संकटाशी गाठ घालावी लागते. जमिनीत खोल बांधलेला काँक्रिटचा भलामोठा हौद भरलेला असतो तोवर जागच्या जागी बसतो. परंतु तो रिकामा असताना भोवतालचे भूजल वाढले, तर ते त्याला खालून उचलू पाहते. शेकडो टनांचा हौद नावेसारखा तरंगून तिरका झाल्याची उदाहरणे स्थापत्यशास्त्राला ठाऊक आहेत. म्हणून तळाचे वजन मुद्दाम वाढवितात, भोवतालचे पाणी सतत उपसतात, आणि जाणता अभियंता अर्धवट हौद पावसाळ्यात रिकामा ठेवीत नाही. पुढे हौद पाण्याने भरून काही दिवस तसाच ठेवतात व पातळी किती उतरते ते पाहतात. ही परीक्षा कंटाळवाणी खरी, पण गळका हौद शेजारच्या विहिरींत काय सोडील याचा विचार केला म्हणजे तिचे मोल कळते.

केंद्रात येणाऱ्या पाण्याची वाट साधी आहे. आधी जाळीवर चिंध्या, कागद आणि प्लास्टिक अडते. मग रेती बसते. त्यानंतर हवेच्या हौदात जंतूंचे काम होते आणि निवळण्याच्या हौदात त्यांचा गाळ खाली बसून वरचे पाणी निघून जाते. त्या गाळातील काही भाग पुन्हा हवेच्या हौदात परत नेतात. ज्या घरी रोज दही लागते त्या घरी हे समजावून सांगावे लागत नाही: कालचे थोडे दही राखून आजच्या दुधाला विरजण लावायचे. नवे केंद्र सुरू करतानाही चालत्या केंद्रातील गाळ टाक्यांतून आणून विरजण म्हणून घालतात, आणि ते मुरण्यास काही आठवडे लागतात. तपकिरी रंग आणि ओल्या मातीसारखा वास आला की जंतू सुखात आहेत असे समजावे. वीज काही तास गेली, हवा थांबली, की हे जंतू गुदमरू लागतात. म्हणून जनित्र आणि त्याचे तेल हाही केंद्राचाच भाग होय. मंगळवारी व शुक्रवारी देवीच्या दर्शनाला गर्दी लोटणाऱ्या उचगावसारख्या गावी तर केवळ सरासरीवर हौद मोजून भागणार नाही. गर्दीच्या दिवसाचा लोंढा धरावा लागेल.

बांधलेले केंद्र आणि चालणारे केंद्र यांतील अंतर किती आहे, ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात आहे. देशातील शहरांतून तेव्हा रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते. उभारलेल्या केंद्रांची शक्ती ३१,८४१ दशलक्ष लिटरांची होती. प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३५ दशलक्ष लिटर, म्हणजे निघालेल्या पाण्यापैकी शंभरात अठ्ठावीस. उभ्या असलेल्या शक्तीचाही तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग रिकामा होता. कोठे मुख्य नळ झाला पण घरांची जोडणी राहिली. कोठे पंप आला, तो चालविणारा माणूस आला नाही. घराच्या न्हाणीपासून रस्त्यातील नळापर्यंतचे शेवटचे दहा-पंधरा फूट कोणी खणायचे आणि कोणी पैसे द्यायचे, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर कोट्यवधींचे काम अडून राहते.

आणि जागा? बेळगावजवळ बल्लारी नाल्याच्या पाण्याने शहापूर, वडगाव, येळ्ळूर भागातील भातजमिनींचे हाल होत आले आहेत. त्या घाणीवर उपाय म्हणून शहराच्या केंद्रासाठी हलगा येथील जमीन घेण्याचे ठरले, तेव्हा हलग्याच्या शेतकऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केला. २०१९ च्या सुमारास तो फार तीव्र झाला. एका गावची शेती वाचविण्यासाठी दुसऱ्या गावची पिकाऊ शेती घ्यावी लागावी, हा पेच खरा आहे आणि त्याला आडमुठेपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. उचगावच्या आसपासच्या लोकांना तर हा अनुभव नवा नाही. शहराचा कचरा शेजारच्या तुरमुरीला येऊन पडू लागला, तेव्हापासून शहराची घाण खेड्याच्या वाट्याला कशी येते ते त्यांनी पाहिले आहे. उन्हावर चालणारी तळी बिनविजेची व स्वस्त असतात, पण त्यांना यंत्राच्या केंद्राच्या कित्येक पट जमीन लागते. वीज द्यावी की जमीन, ही निवड ग्रामसभेत उघडपणे व्हावयास हवी, नकाशा मंजूर होऊन आल्यानंतर नव्हे.

शेतकऱ्याच्या बाजूने या हिशेबात एक जमाही आहे, ती क्वचितच मांडली जाते. वर कल्पिलेल्या गावाचे रोजचे चार लाख चाळीस हजार लिटर पाणी शुद्ध होऊन बाहेर पडले, तर त्यात दररोज दोन एकरांहून थोड्या अधिक जमिनीवर पाच सेंटीमीटर पाणी उभे राहील. कच्ची खाल्ली जाणारी भाजी त्यावर करू नये. ऊस आणि वैरण यांना ते चालते. चैत्र-वैशाखात नदीची धार बारीक होते, त्या दिवसांत हे पाणी नेमाने येईल. मात्र त्यासाठी केंद्रापासून शेतापर्यंत नळ टाकावा लागतो. अंदाजपत्रकात पैसे कमी पडू लागले की सर्वांत आधी वगळले जाण्याची भीती याच कलमाला असते.