बिनआवाजाची बंदूक

वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा बंदुकीच्या दुकानाची पायरी चढलो, आणि तीही लेकीच्या पाठोपाठ. आमच्या घराण्यात शस्त्र म्हणावे असे एकच, ते म्हणजे आजोबांचा अडकित्ता. तेव्हा इंग्लंडातल्या एका आडगावी, चारही भिंतींवर बंदुका टांगलेल्या त्या दुकानात उभे राहून मी ‘ही घ्यावी की ती’ असा विचार करीत असेन, हे कोणी आधी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

त्याचे असे झाले. माझी मुलगी आणि जावई दोघेही डॉक्टर. श्रॉपशर परगण्यात गावाबाहेर त्यांचे घर आहे. घरामागे सफरचंदाची दहाबारा झाडे आणि मुलीने हौसेने पाळलेल्या वीस कोंबड्या. मी आणि आमच्या सौ. उन्हाळ्यात तिकडे गेलो, तेव्हा त्या घरात एकच विषय चालू होता, तो म्हणजे उंदीर. उंदीर म्हणजे आपल्याकडची चिंगी उंदरे नव्हेत. चांगले वीतभर अंगाचे, आणि तेवढ्याच शेपटीचे. कोंबड्यांचे दाणे फस्त करीत, अंडी पळवीत, आणि लाकडी खुराड्याखाली त्यांनी बोगद्यांचे जाळे विणले होते.

“मग औषध घाला की!” मी म्हणालो.

“नाही बाबा,” मुलगी म्हणाली, “शेजारच्या कोठारात घुबडाची जोडी आहे.”

हे घुबड म्हणजे आपल्याकडेही आढळणारे गव्हाणी घुबड, पांढऱ्या बदामी तोंडाचे. उंदरांसाठी जे विष घालतात, त्याने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. पण उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन हिंडतो. असा सुस्त उंदीर घुबडाला सहज सापडतो, आणि त्याच्या पोटातले विष घुबडाच्या पोटात जाते. जो पक्षी फुकटात उंदीर मारतो, त्यालाच आपण मारायचे, हे मुलीला पटत नव्हते. पिंजरे लावून झाले. पहिले चार सापडले, बाकीचे शहाणे झाले. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस काय करतो, हे २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईकरांना सांगायला नको. घरात अकरा वर्षांचा नातू, तो दिवसभर त्याच मातीत लोळणारा. म्हणून शेवटी बंदूक.

“गणपतीच्या वाहनावर गोळ्या झाडायच्या?” आमच्या सौ.ने विचारले. जावईबापूंनी उत्तर न देता चहाचा पेला तोंडाला लावला.

मीही गप्प होतो. पण माझे कारण वेगळे होते, आणि ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

बंदूक कसली घ्यावी, यावर पहिला सल्ला दिला तो शेजारच्या शेतकऱ्याने. त्याच्याकडे पॉइंट टू-टू रायफल होती. आपल्याकडे एन.सी.सी.तल्या मुलामुलींना जिच्यावर नेम शिकवतात, त्याच जातीची. हिच्या काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण ठिणगी पाडणारे स्फोटक काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते आणि घोडा त्या कडेवर आपटतो. आज जगभर चालणारे ‘लाँग रायफल’ जातीचे हे काडतूस १८८७ पासूनचे, आणि अजून त्याची सद्दी संपलेली नाही.

शेतकऱ्याने नळीच्या तोंडाला एक लांबट डबा लावला होता. सायलेन्सर! आपण तो हेरांच्या सिनेमात पाहिलेला. मशीनगन शोधणाऱ्या हायरम मॅक्सिमच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, अमेरिकेत १९०९ साली त्याचे पेटंट मिळवले. बापाने जगाचे कान किटवले आणि मुलाने त्यावर बोळा शोधला, असे म्हणायला हरकत नाही. इंग्लंडात मात्र हेरांपेक्षा शेतकरीच तो अधिक वापरतात. कारण शेजाऱ्याची झोप मोडू नये आणि आपलेही कान शाबूत राहावेत.

पण त्याने मला एक गंमत दाखवली. आधी एक प्रकारचे काडतूस घातले. सायलेन्सर असूनही चाबूक ओढल्यासारखा कडाका झाला. मग दुसरे घातले. नुसता टाळी वाजल्यासारखा आवाज. बंदूक तीच, सायलेन्सर तोच! खुलासा असा की, बंदुकीला एक आवाज नसतो, तीन असतात. नळीतून सुटणाऱ्या वायूचा धमाका हा पहिला. सायलेन्सर त्याला आवरतो. आतल्या घोड्याचा किंवा स्प्रिंगचा खडखडाट हा दुसरा. आणि गोळी ध्वनीहून वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या वर गेली की हवा फाडल्याचा जो कडाका होतो तो तिसरा. त्यावर कोणताही डबा चालत नाही. त्यासाठी गोळीच हळू हवी. दुसरे काडतूस तसे, सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास जाणारे होते.

“मग हीच घ्यावी,” जावईबापू म्हणाले. बूढा हसला. म्हणाला, “ही माझ्या सशांसाठी. साठ मीटरवर ससा, मागे टेकडी. तुमच्याकडे फरसबंदी अंगण, आणि पलीकडे रस्ता. ही गोळी दगडाला लागली तर कुठे जाईल, ते तिलाही माहीत नसते.” या छोट्या गोळीची धाव मैलाच्याही वर असते, आणि मऊ शिशाची ही संथ गोळी दगडावरून, इतकेच काय कडक जमिनीवरूनही उसळण्याबद्दल बदनाम आहे. शिवाय तिला पोलिसांचा परवाना लागतो. कारण सांगावे लागते, आणि जागा योग्य आहे की नाही हे ते पाहू शकतात.

म्हणून आम्ही त्या दुकानात गेलो, हवेची बंदूक पाहायला.

हवेची बंदूक म्हणजे पोरांचे खेळणे, अशी आपली समजूत. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल चक्क लढाईसाठी घेतली होती; आणि १८०३ साली अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीतही एक हवेची रायफल होती. तेव्हा हे प्रकरण पोरखेळाचे नाही.

दुकानदाराने दोन तऱ्हा पुढे ठेवल्या. एक स्प्रिंगची. नळी मोडून दाबली की आतली दणकट स्प्रिंग आवळते. चाप ओढला की दट्ट्या सुसाट पुढे येऊन हवा दाबतो. स्वस्त, टिकाऊ, बाहेरून काही भरायला नको. पण दट्ट्याच्या धक्क्याने बंदूक हातात मागेपुढे हलते. नेम शिकायला महिने जातात. दुसरी, आधी हवा भरून ठेवायची. नळीखालच्या टाकीत मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे शंभरपट दाबाची हवा भरतात. पाणबुड्यांच्या नळकांड्यातून, नाहीतर घाम गाळणाऱ्या हातपंपाने. हिला धक्का जवळजवळ नाही, आणि सायलेन्सर लावला की पुस्तक मिटल्याएवढाच आवाज. किंमत ऐकून मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि आणखी गप्प झालो.

जोराचे म्हणाल, तर इंग्लंडात १२ फूट-पौंडांपर्यंतच्या हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या अखेरीपासून तिलाही दाखला लागतो. शेतकऱ्याच्या रिमफायरचा जोर याच्या आठपट. छर्ऱ्याचे मुख्य दोन आकार: साडेचार मिलिमीटरचा हलका, तो सरळ जातो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी सांभाळून घेतो, आणि साडेपाचचा जड, तो कमानीने जातो, पण जवळून ठोसा जोरदार मारतो. दोन्ही ध्वनीहून हळू, म्हणून तो तिसरा कडाका नाही. आमचे अंतर ठरलेले, पंधरा मीटर. म्हणून जड छर्रा घ्यावा असे ठरले.

सारे पसंत पडले. मुलगी पैसे काढणार, इतक्यात दुकानदाराने विचारले, “उंदराच्या मागे काय आहे?”

“म्हणजे?”

“नेम चुकला तर छर्रा कशाला लागेल?”

मला एकदम बाकावर बसावे लागले.

१९६४ च्या मे महिन्याची सुट्टी. रत्नागिरीकडे मामाची वाडी. मामाची हवेची बंदूक मी न विचारता घेतली. आंबे कुरतडणारी एक खार विहिरीजवळच्या काळ्या दगडाच्या डोणीवर बसली होती. मी बारा वर्षांचा; नेम धरला, चाप ओढला. खार पळाली. डोणीवरून छर्रा उसळला आणि चार हातांवर उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या डोळ्यात गेला. त्या डोळ्याने त्याला पुन्हा कधी दिसले नाही. तो रडला नाही हे मला अजून आठवते. डोळ्यावर हात धरून तो इतकेच म्हणाला, “दादा, आवाज तर काहीच झाला नाही.”

पुढे कॉलेजात एन.सी.सी.च्या फायरिंगच्या दिवशी मी पोटदुखीचे निमित्त काढले. घरात मुलांना पाण्याची पिचकारीसुद्धा बंदुकीच्या आकाराची घेऊ दिली नाही. काका मोटारीचे काच लागून अधू झाले, असेच मुलीला ठाऊक होते. आणि हे खोटे माझ्या भावाने माझ्यासाठी साठ वर्षे चालवले.

त्या दुकानाच्या बाकावर बसून मी ते मुलीला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काकांना फोन लावू या?”

मुंबईत रात्र झाली होती. भाऊ जागा होता. सारे ऐकून तो हसला. म्हणाला, “घे रे. पण या खेपेला आधी भिंत बघ, मग उंदीर.”

आम्ही बंदूक घेतली, पण त्या दिवशी तिला हात लावला नाही. जावईबापूंनी आणि मी आधी अंगणाच्या कडेला छातीएवढा मातीचा बांध घातला. दगड एकही नाही, वेचून काढले. दाणे त्या बांधाच्या पायथ्याशी, आणि बसायची जागा अशी की नळी नेहमी खाली मातीकडे, रस्त्याकडे कधीच नाही. छर्रा आपल्या हद्दीबाहेर जाणे हा तिथे गुन्हा आहे. दोन आठवडे मुलीने कागदावर सराव केला. नियम एकच: सगळे छर्रे रुपयाएवढ्या वर्तुळात पडतात ते अंतर आपले, त्यापलीकडचा उंदीर आपला नाही. जखमी करून सोडण्यापेक्षा न मारलेला बरा. बंदूक कुलूपबंद लोखंडी कपाटात. किल्ली मुलीच्या गळ्यात.

पहिल्या संध्याकाळी तिने तीनदा नेम धरला आणि तीनदा चाप सोडून दिला. एकदा उंदीर बांध सोडून फरशीवर गेला, एकदा मधे एक साळू आला, एकदा नुसतीच शंका आली. चौथ्यांदा कोणीतरी पुस्तक मिटल्यासारखे वाटले. उंदीर जागच्या जागी निपचित होता, आणि दहा मिनिटांनी कोठारातले घुबड आमच्या डोक्यावरून तितक्याच मुकाट्याने गेले.

नातवाने विचारले, “आजोबा, मी कधी?” तिथे चौदा वर्षांखालच्या मुलाने मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय ही बंदूक चालवायची नाही असा कायदा आहे. मी त्याला कायदा सांगितला नाही. काकाआजोबांच्या डोळ्याची गोष्ट सांगितली, खरी. त्याने पुन्हा विचारले नाही. पण रोज संध्याकाळी न सांगता बांधातले दगड वेचू लागला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून छंदाच्या शिकारीला आळा बसला, ते उत्तमच झाले. उंदरांसाठी आपल्या मुंबईत महापालिकेची माणसे अजून रात्री काठी घेऊन हिंडतात, आणि घरात पिंजरा पुरतो. तेव्हा हे वाचून कोणी बंदुकीच्या दुकानाकडे धावू नये. पण कोणाच्या माळ्यावर, मामाच्या नाहीतर काकाच्या काळातली छर्ऱ्याची बंदूक पडली असेल, तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती काढा आणि कुलपात ठेवा. सुट्टीत पोरे घरी येणार आहेत, आणि तिचा आवाज होत नाही.