कर्तृत्व कोणाचे, हक्क कोणाचा? : ओसाकातील ‘प्लॅटिनमगेम्स’ या स्टुडिओचा इतिहास

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा विषय विद्यापीठीय चर्चेत बहुधा दोनच अंगांनी येतो. एक तर तो तरुण पिढीच्या व्यसनाचा प्रश्न म्हणून येतो, किंवा उद्योगाच्या उलाढालीचा आकडा म्हणून. या दोन्हींच्या मध्ये एक मोठे क्षेत्र दुर्लक्षित राहते. हे खेळ कोण घडवते, कोणत्या आर्थिक अटींवर घडवते आणि घडवून झाल्यावर त्यावर घडवणाऱ्याचा अधिकार कितपत उरतो, हे ते क्षेत्र होय. चित्रपटाच्या अभ्यासात दिग्दर्शक आणि निर्मितीसंस्था यांच्या संबंधांचा विचार जितक्या गांभीर्याने होतो, तितक्याच गांभीर्याने तो येथेही व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात जपानमधील ओसाका येथील ‘प्लॅटिनमगेम्स’ या स्टुडिओचा इतिहास या दृष्टीने मांडला आहे. हा स्टुडिओ ‘अ‍ॅक्शन गेम’ या प्रकारात जगभर अग्रगण्य मानला गेला, आणि तरीही त्याने निर्माण केलेल्या बहुतेक पात्रांची मालकी त्याच्याकडे कधीच नव्हती.

कॅपकॉममधील पूर्वपीठिका

प्लॅटिनमगेम्सची मुळे ओसाकातीलच ‘कॅपकॉम’ या कंपनीत आहेत. शिंजी मिकामी यांनी १९९६ साली ‘रेसिडेंट इव्हिल’ (जपानमधील नाव ‘बायोहॅझर्ड’) दिग्दर्शित केला. त्याच्या दुसऱ्या भागाचे दिग्दर्शन हिदेकी कामिया या तरुण सहकाऱ्याने केले व तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. याच मालिकेचा पुढील भाग म्हणून कामिया यांच्या चमूने काम हाती घेतले. परंतु त्याचे स्वरूप भयकथेपासून इतके दूर गेले की अखेरीस तो ‘डेव्हिल मे क्राय’ या स्वतंत्र नावाने २००१ साली बाजारात आला.

या खेळातील एका वैशिष्ट्याचा उगम नोंद घेण्याजोगा आहे. कॅपकॉमच्याच ‘ओनिमुशा’ या खेळात एक तांत्रिक दोष आढळला होता : तलवारीच्या सलग वारांनी शत्रू खाली न पडता हवेतच तरंगत राही. इतरांच्या दृष्टीने जी चूक होती, ती कामिया यांना शक्यता वाटली. शत्रूला हवेत उडवून तेथेच त्याच्यावर वार करीत राहणे हे ‘डेव्हिल मे क्राय’चे आणि पुढे या संपूर्ण प्रकाराचे लक्षण ठरले. खेळाडूने केवळ जिंकावे एवढेच पुरेसे मानले गेले नाही. किती विविधतेने व डौलाने जिंकले यावर त्याला श्रेणी मिळू लागली.

२००४ साली कॅपकॉमने ‘क्लोव्हर स्टुडिओ’ ही उपकंपनी स्थापन केली. कामिया, मिकामी आणि निर्माते आत्सुशी इनाबा हे तिच्याशी निगडित होते. तेथून आलेल्या खेळांपैकी २००६ सालचा ‘ओकामी’ हा सर्वांत महत्त्वाचा. सूर्यदेवता आमातेरासू श्वेत लांडग्याच्या रूपात अवतरते आणि शापाने काळवंडलेल्या भूमीला पुन्हा फुलवते, अशी ही कथा. जपानी शाईचित्रांची परंपरा येथे केवळ सजावटीपुरती येत नाही. खेळाडू दृश्य थांबवतो, पडद्यावर कुंचल्याने रेघ ओढतो आणि त्या रेघेने वारा सुटतो, सूर्य उगवतो वा शत्रू दुभंगतो. चित्रकलेची कृती हीच खेळातील कृती झाली आहे. समीक्षकांनी खेळाचा मोठा गौरव केला. विक्रीने मात्र निराशा केली. ऑक्टोबर २००६ मध्ये कॅपकॉमने क्लोव्हर विसर्जित करण्याचे जाहीर केले व मार्च २००७ मध्ये तो स्टुडिओ संपुष्टात आला.

या कथेला एक उपसंहार आहे. २००८ साली ‘ओकामी’ची ‘वी’ या यंत्रासाठीची आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातून अखेरची श्रेयनामावली वगळण्यात आली होती. त्या चित्रफितीत क्लोव्हरचे बोधचिन्ह होते आणि ते वापरण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे स्पष्टीकरण कॅपकॉमकडून देण्यात आले. खेळ तोच, चित्रे तीच; घडवणाऱ्यांची नावे तेवढी नाहीत. कामिया यांनी याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतून लेखकाचे नाव गळावे, यासारखाच हा प्रकार. ग्रंथव्यवहारात तो घडला असता तर त्यावर किती लेख लिहिले गेले असते, याची कल्पना करता येते.

स्थापना आणि सेगाशी करार

कॅपकॉममधून बाहेर पडलेल्या या मंडळींनी २००६ साली ‘सीड्स’ ही कंपनी काढली. त्याच वर्षी कॅपकॉममधील दुसरे अनुभवी निर्माते तात्सुया मिनामी यांनी ‘ऑड’ नावाची कंपनी स्थापन केली होती. ऑक्टोबर २००७ मध्ये दोहोंचे विलीनीकरण होऊन ‘प्लॅटिनमगेम्स’ अस्तित्वात आली. मिनामी अध्यक्ष झाले.

मे २००८ मध्ये ‘सेगा’ या प्रकाशकाशी अनेक खेळांचा करार जाहीर झाला. त्यातून ‘मॅडवर्ल्ड’ (२००९), ‘इन्फिनिट स्पेस’ (२००९), ‘बायोनेटा’ (२००९), मिकामी दिग्दर्शित ‘व्हँक्विश’ (२०१०) आणि ‘अ‍ॅनार्की रेन्स’ (२०१२) हे खेळ निघाले.

येथे या व्यवसायातील कराराचे सर्वसाधारण स्वरूप सांगणे आवश्यक आहे. मोठ्या खेळाच्या निर्मितीला शेकडो माणसांची तीन-चार वर्षे लागू शकतात. स्वतंत्र स्टुडिओकडे एवढे भांडवल नसते. प्रकाशक कामाच्या ठरावीक टप्प्यांवर हप्त्याहप्त्याने रक्कम देतो. ही रक्कम बहुधा अग्रिम मानली जाते. विक्रीतून ती वसूल झाल्यावरच स्टुडिओला स्वामित्वधनाचा वाटा मिळू लागतो. खेळाची विक्री बेताची झाली तर तो वाटा मिळतच नाही. याखेरीज पात्रे, नाव आणि कथाविश्व यांचे हक्क बहुधा प्रकाशकाकडे राहतात. स्टुडिओजवळ उरते ते कौशल्य आणि लौकिक. पुढच्या खेळाचे काम मिळाले नाही तर पगारही नाहीत, म्हणून एकाच वेळी तीन-चार प्रकाशकांची कामे अंगावर घेणे भाग पडते. प्लॅटिनमगेम्सच्या पुढील पंधरा वर्षांचा आलेख या एका व्यवस्थेतून बराचसा उलगडतो.

क्रियेचे व्याकरण

या स्टुडिओचे कौशल्य नेमके कशात आहे, हे ‘बायोनेटा’च्या उदाहरणाने स्पष्ट होईल. कामिया दिग्दर्शित या खेळाची नायिका एक चेटकीण आहे. शत्रूचा घाव अंगावर येण्याच्या अगदी अखेरच्या क्षणी खेळाडूने तो चुकवला तर भोवतालचा काळ मंदावतो. नायिका मात्र नेहमीच्या गतीने वावरते. या रचनेला ‘विच टाइम’ म्हणतात. रचना दिसायला साधी असली तरी तिचा परिणाम खोल आहे. एरवी बचाव म्हणजे माघार. येथे बचाव हेच आक्रमणाचे दार होते, आणि जो जितका धोका पत्करेल त्याला तितका लाभ मिळतो. भित्र्या खेळाडूला हा खेळ शिक्षा करीत नाही, धीट खेळाडूला बक्षीस देतो.

अशा रचनेला तांत्रिक पायाही तितकाच काटेकोर लागतो. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटत असतील तर एक चित्र सुमारे १७ सहस्रांश सेकंद टिकते. शत्रूच्या हालचालीतील पूर्वसूचना किती चित्रांची असावी, बटण दाबल्यापासून कृती किती चित्रांत सुरू व्हावी, हे सारे मोजून ठरवावे लागते. हा वेग टिकला नाही तर खेळाडूचा अंदाज चुकतो आणि चूक आपली नसून यंत्राची आहे, अशी त्याची भावना होते. ‘बायोनेटा’ची ‘प्लेस्टेशन ३’ या यंत्रासाठीची आवृत्ती स्टुडिओने नव्हे, तर सेगाने तयार केली होती. तिच्यात वेग ढासळला व प्रतीक्षेचा काळ वाढला. ‘एक्सबॉक्स ३६०’ वरील मूळ आवृत्तीला जपानमधील ‘फामित्सू’ या नियतकालिकाने ४० पैकी ४० गुण दिले होते. एकाच संहितेच्या दोन प्रयोगांत इतका फरक पडू शकतो.

हेच कौशल्य पुढे इतरांच्या मदतीला आले. कोनामीच्या ‘मेटल गिअर’ मालिकेतील एक उपकथानक कोजिमा प्रॉडक्शन्सच्या चमूकडून पूर्णत्वास जाईना. कोणतीही वस्तू हव्या त्या कोनातून तलवारीने कापता येईल असे तंत्र त्यांच्याजवळ होते, पण त्याभोवती खेळ उभा राहत नव्हता. ते काम प्लॅटिनमगेम्सकडे सोपवण्यात आले आणि २०१३ साली ‘मेटल गिअर रायझिंग : रिव्हेंजन्स’ प्रसिद्ध झाला. तंत्र असणे आणि त्याचा खेळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

परावलंबनाची किंमत

‘बायोनेटा’चा दुसरा भाग अर्थसाहाय्याअभावी अडला होता. अखेरीस ‘निन्टेंडो’ने खर्च उचलला आणि २०१४ साली तो केवळ ‘वी यू’ या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. इतर यंत्रांवर पहिला भाग खेळलेले चाहते संतप्त झाले. त्यांचा राग समजण्याजोगा असला तरी पर्याय ‘निन्टेंडोवर की इतरत्र’ असा नव्हताच. तो ‘निन्टेंडोवर की कुठेच नाही’ असा होता. पात्रावरील हक्क सेगाकडे, भांडवल निन्टेंडोचे आणि श्रम प्लॅटिनमगेम्सचे, अशी ही तिहेरी रचना होती.

याच काळात परवान्यावरील कामांचीही रीघ लागली. ‘द लेजंड ऑफ कोरा’ (२०१४), ‘ट्रान्सफॉर्मर्स : डेव्हस्टेशन’ (२०१५) आणि निन्जा कासवांवरील खेळ (२०१६) ही कामे अ‍ॅक्टिव्हिजनसाठी झाली. मधला खेळ चांगला होता. इतर दोहोंत घाई दिसते.

सर्वांत मोठा आघात २०१७ च्या जानेवारीत झाला. मायक्रोसॉफ्टसाठी कामिया यांच्या दिग्दर्शनाखाली ‘स्केलबाउंड’ या भव्य खेळाचे काम चालू होते. जून २०१४ मध्ये त्याची घोषणा झाली होती. एक तरुण आणि त्याचा महाकाय ड्रॅगन यांची ती कथा. मायक्रोसॉफ्टने तो रद्द केला. अपयश दोन्ही बाजूंचे होते, असे इनाबा यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. रद्द झालेला खेळ मात्र स्टुडिओला दुसऱ्याकडे नेऊन पूर्ण करता येत नाही. वर्षांचे श्रम कपाटात बंद होतात.

योगायोग असा की त्यानंतर जेमतेम दीड महिन्यात ‘निअर : ऑटोमाटा’ जपानमध्ये प्रसिद्ध झाला. प्रकाशक ‘स्क्वेअर एनिक्स’, दिग्दर्शक योको तारो, तर लढतींच्या रचनेची प्रमुख जबाबदारी प्लॅटिनमगेम्समधील ताकाहिसा ताउरा यांच्याकडे. मानवाने सोडलेल्या पृथ्वीवर यंत्रमानव यंत्रांशीच लढत आहेत आणि आपण कशासाठी लढतो हे त्यांना ठाऊक नाही, असे त्याचे कथासूत्र. शेवटी खेळाडूला एका अनोळखी खेळाडूच्या मदतीसाठी स्वतःची साठवलेली सर्व प्रगती पुसून टाकण्याची विनंती केली जाते. ही विनंती तत्त्वज्ञानाच्या वर्गातही चर्चेला घेण्याजोगी आहे. खेळाच्या लक्षावधी प्रती खपल्या व स्टुडिओची प्रतिष्ठा सावरली. पण ‘निअर’चे नावही स्क्वेअर एनिक्सचेच.

स्वमालकीचा प्रयत्न

आपल्या मालकीचे काही असावे, ही जाणीव २०२० पासून उघडपणे दिसू लागली. त्या वर्षाच्या आरंभी चिनी कंपनी ‘टेनसेंट’ने स्टुडिओत भांडवल गुंतवल्याचे जाहीर झाले, स्वातंत्र्य अबाधित राहील, असा खुलासाही सोबत होता. फेब्रुवारीत ‘द वंडरफुल १०१’ या २०१३ सालच्या खेळाच्या नव्या आवृत्तीसाठी ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणी मागण्यात आली. उद्दिष्ट ५० हजार डॉलरचे होते. जमले १५ लाखांहून अधिक. चाहत्यांचा विश्वास यातून सिद्ध झाला. मोठ्या खेळाचा खर्च मात्र अशा वर्गणीच्या कितीतरी पट असतो. ‘प्रोजेक्ट जी. जी.’ हा पूर्णतः स्वमालकीचा खेळ कामिया दिग्दर्शित करणार, अशी घोषणाही तेव्हाच झाली.

दुसऱ्या दिशेने पाहता, मार्च २०२२ मध्ये स्क्वेअर एनिक्ससाठी आलेला ‘बॅबिलॉन्स फॉल’ पूर्णपणे फसला. हा सतत जोडणीवर चालणारा, दीर्घकाळ उत्पन्न देत राहील अशा अपेक्षेने आखलेला खेळ होता. खेळाडूच आले नाहीत, आणि फेब्रुवारी २०२३ अखेरीस त्याची सेवा बंद झाली. आज पैसे मोजून घेतलेली प्रतही चालू होत नाही. एका लढतीतला क्षण घासूनपुसून चकचकीत करणे ही ज्या स्टुडिओची खरी विद्या, त्याला महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या खेळाच्या साच्यात बसवणे मुळातच विसंगत होते.

‘बायोनेटा ३’ ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. त्यानंतर वर्षभरात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, कामिया यांनी प्लॅटिनमगेम्स सोडली. ‘प्रोजेक्ट जी. जी.’ त्यांच्या दिग्दर्शनाखाली पूर्ण होऊ शकला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ओकामी’च्या पुढील भागाची घोषणा झाली. दिग्दर्शक कामिया, त्यांच्या नव्या स्टुडिओचे नाव ‘क्लोव्हर्स’, आणि ‘ओकामी’चे हक्क पूर्वीप्रमाणेच कॅपकॉमकडे. प्लॅटिनमगेम्सचा त्यानंतरचा मोठा खेळ ‘निन्जा गायडेन ४’ ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ‘टीम निन्जा’ या स्टुडिओसमवेत घडवलेला असून मालिकेची मालकी ‘कोएई टेक्मो’ची आणि प्रकाशन मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाचे आहे.