सातबाऱ्यावर नसलेले शेत

परदेशातून विकासासाठी येणारा पैसा म्हणजे दान नव्हे. बहुधा ते कर्जच असते. गावचा सावकारसुद्धा पैसे देण्याआधी शेत बघून येतो. मग मोठ्या सावकाराने काय बघावे? आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ.

१९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. धरण गुजरातेत, पण त्याचे पाणी चढणार होते अक्कलकुवा आणि अक्राणीच्या ३३ गावांतही. (तेव्हा हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता.) ज्याची पाव हिश्श्याहून अधिक जमीन बुडेल त्याला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, असे नर्मदा लवादाने १९७९ सालीच ठरवले होते. ऐकायला चांगले. पण मणिबेलीसारख्या गावांत कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होती, ती सरकारी दप्तरात जंगल होती. सातबारा नाही, म्हणून शेतकरी नाही; तो अतिक्रमण करणारा! पुढे पुनर्वसनासाठी तळोद्याच्या जंगलातली जमीन मोकळी केली, तर तिथेही आधीचे कसणारे होतेच.

आता दुसरी बाजू बघा. कालव्याचे पाणी कच्छ-सौराष्ट्राकडे. तहानलेल्या मुलखाला पाणी नको असे कोण म्हणेल? विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्राला, म्हणजे साऱ्या राज्याला. बुडायचे मात्र सातपुड्यातल्या पाड्यांनी, आणि त्यांचा शब्द मुंबई-दिल्लीला पोचायचा कसा? लाभ कोणाला, झळ कोणाला, निर्णय कोणाच्या हाती, हे आधी तपासणे याला अर्थशास्त्रात राजकीय-आर्थिक विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, काम साधे आहे.

ते झाले कर्जानंतर, तेही लोकांनी आंदोलन उभारल्यावर. १९९१ साली बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. १९९२ च्या जूनमध्ये समितीने लिहिले की विस्थापितांची पुरेशी पाहणी कर्जापूर्वी झालीच नाही. बँकेने स्वतःचे नियमही पाळले नाहीत. १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापले. बाधित लोकांना तिथे थेट तक्रार करता येते. धरण मात्र थांबले नाही. २०१७ साली ते १३८.६८ मीटर उंचीनिशी राष्ट्राला अर्पण झाले.

१३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा करता येतो, आणि गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. असे जबाब कर्जापूर्वी घ्यायला फार तर एक वही नि थोडी पायपीट लागली असती.